मूठभर पेंढा

"थांबा आबा. हे कुठून आणलंत?"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आबांचं मनगट धरलं, तेव्हा त्यांची मूठ पिलांच्या कप्प्यावर पोचली होती. मुठीत पेंढा होता. जुना, मऊ पडलेला, किंचित ओलसर. खाली नव्या वेताची पिलं आईला लुचत होती.

"आजीबाईकडून," आबा म्हणाले. "आशीर्वाद आहे तो."

आबांच्या मुलाने हातातली बादली खाली ठेवली. बाहेरच्या माणसासमोर बापाने लाज काढली, असं त्याचं तोंड झालं होतं.

आजीबाई म्हणजे शेडच्या पार टोकाला, वेगळ्या कप्प्यात राहणारी म्हातारी डुकरीण. एका वर्षी तापाची साथ आली आणि बघता बघता सगळं शेड रिकामं झालं. ही एकटी वाचली. आज तिथे ओरडणारा प्रत्येक जीव तिची लेक, नात नाहीतर पणती. तिच्या जिवावर घर पुन्हा उभं राहिलं, मुलाचं लग्न झालं, हे आबा ऊठसूट सांगायचे. सून म्हणायची, "सासूबाईंचे एवढे लाड केले असते, तर त्या अजून असत्या." आबाही हसायचे. पण जनावराचे उपकार फेडायचे तरी कसे? शेवटी त्यांनी आपली एक रीत काढली. कुठलीही डुकरीण व्याली, की आजीबाईच्या अंगाखालचा मूठभर पेंढा तिच्या पिलांच्या अंथरुणात घालायचा. जी मरणाला पुरून उरली, तिची ऊब पिलांना लागावी, एवढंच त्यांच्या मनात असायचं.

आणि तरी हल्ली पिलं धड वाढत नव्हती. पोटं नगाऱ्यासारखी, पाठीची हाडं वर आलेली. खोकायची, खायची आणि तरी वाळत जायची. पोटात जंत आहेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, फरशी कढत पाण्याने घासून घेतली, विण्याआधी पिलांच्या आयांना साबणाने आंघोळ घालायला लावली. पुढच्या वेताला पुन्हा तेच. मुलाने हात टेकले होते. ही पिलंही तशीच निघाली तर सगळी जनावरं विकून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलं होतं. आबांना ते माहीत होतं. म्हणून या वेळी त्यांनी मूठ जरा मोठीच भरली होती.

"आजीबाईला जंताचं औषध कधी दिलं होतं?" बाईंनी विचारलं.

"तिला कशाला? ती आजवर शिंकलीसुद्धा नाही."

आजीबाईच्या कप्प्यातली थोडी विष्ठा बाईंनी डबीत घेतली, खाद्याच्या खोलीतल्या टेबलावर मायक्रोस्कोप मांडला आणि थोड्या वेळाने आबांना जवळ बोलावलं. आबा एक डोळा मिटून वाकले. लहान लहान तपकिरी गोळे दिसले, कडेने खरबरीत. जिकडे बघावं तिकडे तेच.

"ही जंताची अंडी. आजीबाईला सोसतात, म्हणून कळत नाही. पिलांना सोसत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "आबा, औषध मी देत होते आणि जंत तुम्ही नेऊन घालत होता."

आबा पोत्यावर बसले. इतकी पिलं आपल्या हाताने वाळवली, या विचाराने त्यांना भडभडून आलं.

"मग म्हातारीलाच काढून टाकू," मुलगा म्हणाला.

"तिने काय केलंय?" आबा पोत्यावरून उठले. "मी नेत होतो. ती नाही."

"कुणालाच काढायला नको," बाई म्हणाल्या. "तिला औषध द्या, स्वच्छ धुवा, जुना पेंढा जाळून टाका. आणि एक नियम पाळा. सकाळी आधी पिलांकडे जायचं, मग मोठ्यांकडे, आजीबाईकडे सगळ्यात शेवटी. उलटं कधी फिरायचं नाही."

आजीबाईला आबांनी स्वतः आंघोळ घातली. साबणाला वैतागून तिने त्यांना नखशिखांत भिजवलं. त्यानंतर आबा पिलांकडे रिकाम्या हाताने जायला लागले. हात कुठे ठेवावा, हेच त्यांना सुचत नसे.

पिलं मात्र अंग धरायला लागली. कातडी तुकतुकीत झाली, खोकला थांबला, खाण्यावरून ढकलाढकली सुरू झाली. बाईंनी आजीबाईची विष्ठा पुन्हा तपासली, त्यात काही सापडलं नाही. मुलाने विकण्याचा विचार सोडला.

"बाई, तुमचे उपकार कसे फेडू?" आबांनी हात जोडले.

"माझ्यासाठी नवी रीत काढू नका, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा शेडमध्ये आला, तर आबा पिलांच्या कप्प्यात वाकलेले. पुन्हा मुठीत पेंढा. तो हाक मारणार, तेवढ्यात आबा वळले आणि शेडच्या टोकाकडे चालू लागले. पेंढा कोरडा, पिवळाधमक होता. आजीबाईच्या कप्प्यापाशी थांबून त्यांनी तो तिच्या अंगाखाली सारला.

"घे," ते म्हणाले, "तुझ्या पतवंडांनी पाठवलाय."