लहान चौकट

यम्नाने नकाशावर आखलेल्या चौकटीत चार हजार नऊशे चौकोन होते: सत्तर आडवे, सत्तर उभे. प्रत्येक चौकोनाची बाजू तीन किलोमीटर. शारजा, अजमान, दुबई आणि समोरचा थोडा समुद्र एवढंच त्यांत मावलं होतं. शारज्यात अल मजाजमधली तिच्या घराची इमारत, पुढचं तळं आणि मागचे टॉवर सगळे मिळून एका चौकोनात. त्या चौकोनात चोवीस तासांत पडलेला पाऊस: चार मिलिमीटर.

यम्नाने आकडा पुन्हा पाहिला. हवामानाचं मॉडेल तिने आज पहिल्यांदाच स्वतः चालवलं होतं. नवशिक्याने होऊन गेलेला दिवस निवडावा, म्हणजे उत्तर ताडून पाहता येतं, असं सगळे सांगतात. तिने दोन वर्षांपूर्वीचा तो पावसाचा दिवस निवडला होता. मॉडेलला आदल्या रात्रीपर्यंतचीच माहिती दिली होती, पुढचं काहीही नाही. त्या दिवशी खालच्या पार्किंगमध्ये गाड्या तरंगल्या होत्या.

"किती आलं?" स्वयंपाकघराच्या दारातून अन्वरीने विचारलं.

"अम्मी, हा फक्त पहिला रन आहे."

"किती ते सांग."

"चार मिलिमीटर."

"म्हणजे?"

"म्हणजे रस्ता ओला होईल, एवढा."

अन्वरी मिळेल त्या खुर्चीत बसली. त्या दिवशी तिनेच नवऱ्याला सांदणांचा डबा देऊन आपल्या बहिणीकडे, तहसीनकडे, दुबईच्या इंटरनॅशनल सिटीला पाठवलं होतं. गनी नको म्हणत होता. फोनवर पावसाचा सरकारी इशारा वाजला होता. फोन काय, ढग दिसला तरी वाजतो, असं ती म्हणाली होती. वाटेत गाडी पाण्यात बंद पडली. गनी उतरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत निघाला, छातीवर हात ठेवून दुभाजकावर बसला, तो उठलाच नाही.

"तुमच्या एवढ्या मोठ्या मशीनला कळलं नाही," अन्वरी म्हणाली, "तर मला कुठून कळणार होतं?"

यम्ना काही बोलायच्या आत तिने फोन लावला. "तहसीन, ऐक. यम्नाने कम्प्युटरवर काढलं. नाही गो, कुणालाच कळलं नसतं. कुणालाच! खलास." मग पलीकडे काहीतरी गंमत झाली असावी. अन्वरी हसली. असं हसू या घरात दोन वर्षांत ऐकू आलं नव्हतं.

यम्नाने चौकटीचं चित्र वीणाला पाठवलं. वीणा विद्यापीठात तिच्या तीन वर्षं पुढे होती. तिचा लगेच फोन आला.

"अगं, ही चौकट एवढीशी का?"

"लॅपटॉप दमतो. मोठी घेतली तर आठवडा लागेल."

"म्हणून? वादळ काय शारज्यात जन्मलं होतं? ते सौदीवरून आलं. तू दार लावून बसलीस आणि वर म्हणतेस, कुणी आलंच नाही." वीणा हसत होती. "मोठी चौकट घे. बारा तास आधीपासून सुरू कर आणि ते पहिले बारा तास सोडून दे, मॉडेलला स्थिरावायला वेळ लागतो. आपल्या युनिव्हर्सिटीच्या मशीनवर टाक. शनिवार आहे, रिकामी असेल. दुपारीच होऊन जाईल. यल्ला, लाग कामाला."

यम्नाने तांबड्या समुद्रापासून अरबी समुद्रापर्यंत चौकट ओढली. सुरुवात बारा तास आधी नेली, म्हणजे मॉडेलला मिळालेली माहितीही आता आणखी बारा तास जुनी होती. तिने रन सुरू केला.

पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरू लागल्या. ती उठली, एसी वाढवला, परत बसली, परत उठून कमी केला. खाली तळ्याकाठी ऊन रखरखत होतं. दोन बटणं एकत्र दाबली की रन थांबतो, हे तिने सकाळीच शिकून घेतलं होतं. तिची बोटं त्या बटणांवर जाऊन टेकली.

"आता परत काय लावलंस?" अन्वरी मागे उभी होती.

"चूक झाली होती. मी चौकट लहान घेतली."

"मग असू दे की चूक. परीक्षा आहे का तुझी?"

"नाही."

"मार्क कापणार आहे कुणी?"

"नाही, अम्मी."

"मग?"

"चार आले," यम्ना म्हणाली, "पण ते चार खरे आहेत की नाहीत, ते मला माहीत नाही."

अन्वरी पडद्याकडे बघत नव्हती, लेकीच्या बोटांकडे बघत होती.

"ती दाबली की थांबतं?"

"हो."

अन्वरीने तिचा हात उचलून कीबोर्डवरून बाजूला केला. "चालू दे."

ती आत जाऊन गॅस बंद करून आली. आल्यावर टेबलावरचे पेले उचलले आणि तिथेच परत ठेवले. तहसीनचा फोन आला, तो तिने वाजू दिला. यम्ना ओळी मोजायचा प्रयत्न करत होती आणि दर वेळी मध्येच विसरत होती.

ओळी थांबल्या. यम्नाने नकाशा उघडला, शारजा शोधलं आणि तोंड उघडलं.

"थांब," अन्वरी म्हणाली. "तू नको सांगूस. सांगताना तू माझ्याकडे बघत नाहीस."

तिने चष्मा लावला आणि वाकली. यम्नाने त्यांच्या इमारतीच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"एकशे सदतीस मिलिमीटर," अन्वरीने वाचलं.