खिडकीतला चौथा

भिंत पाडली. सोमवारी सकाळी, लोकांचा चहा निवायच्या आत. पण ते तूर्त झालंच नाही असं समजा. तूर्त रविवार आहे, भिंत धडधाकट उभी आहे, आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक माणूस तिच्यासमोर मान वर करून थांबला आहे.

हा त्याचा दर रविवारचा उद्योग. लोक सुट्टीला नातेवाइकांकडे जातात, हा भिंतींकडे जायचा. जुन्या रंगवलेल्या जाहिराती शोधत गल्लीबोळ पालथे घालायचा. एका भिंतीवर एक बाई साबणाची वडी धरून हसत होती. साबण गेला, कंपनी बुडाली, बाईचे दात तेवढे टिकून होते. वर बघत फोटो काढणारा माणूस महापालिकेचाच असणार, अशी लोकांची पक्की समजूत. त्याला पाहिलं की बायका गॅलरीतल्या कुंड्या आत ओढायच्या. एकदा एका गृहस्थांनी न विचारताच कबुली दिली, "साहेब, वरची खोली आमच्या वडिलांनी काढलीय. आमचा आणि तिचा काही संबंध नाही." त्यानं गंभीरपणे मान हलवली. त्या आठवड्यात त्याच्याशी कुणी केलेलं ते सर्वांत मोठं संभाषण होतं.

ही भिंत मात्र घरची. तिच्यावर सहलीच्या कंपनीची निळी बस, वर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत 'सहकुटुंब चला!', आणि चार खिडक्यांतून हात हलवणारं त्याचं कुटुंब: मिशीवाले वडील, अंबाडा घातलेली आई, दोन वेण्यांची मुलगी आणि गाल फुगवलेला मुलगा. रंगवणारा पेंटर यांच्याच वरच्या मजल्यावर राहायचा. खरी माणसं समोर असल्याशिवाय त्याचा ब्रश चालायचा नाही, म्हणून त्यानं यांना स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर एकामागे एक बसवलं होतं. बाबांच्या पायाला मुंग्या आल्या तरी ते हात हलवतच राहिले. काचा घासणाऱ्या या माणसाला सगळं लख्ख आठवायचं. टर्पेंटाइनचा वास. खांद्यावरचा बाबांचा हात. "हलू नकोस, बस चालू आहे."

एरवी हे कुटुंब कधीच कुठे गेलं नाही. दर सुट्टीत बेत ठरायचा, बॅगा माळ्यावरून उतरायच्या आणि धूळ झटकून परत वर जायच्या. त्या घरात सगळ्यात जास्त प्रवास बॅगांनीच केला. मग बाबा गेले. ताई लग्न करून परदेशी गेली आणि आईलाही घेऊन गेली. चौघं एकत्र बसलेली जागा म्हणून जगात ही एवढीच उरली.

आज तिच्यावर लाल फुली होती. खाली पाडकामाचा मुकादम स्टुलावर बसून शेंगा सोलत होता. याला पाहताच तो ताडकन उठला.

"कागद सगळे आहेत, साहेब!"

"कधी पाडताय?"

"उद्या. तुम्ही म्हणत असाल तर परवा."

त्यानं घाईघाईनं ताईला व्हिडिओ कॉल लावला. आईनं आणि ताईनं भिंत एकदा बघावी, मग काय पडायचं ते पडो. ताई बॅगेच्या चेनशी झटापट करत होती.

"बोल पटकन. निघतोय आम्ही."

"कुठे?"

"डोंगरात. आई, मी, हे आणि आमचं शेंडेफळ. सांगितलं नव्हतं का तुला? विचारणारच होते रे, पण गाडीत जागा चारच."

त्यानं फोन भिंतीकडे वळवला. आईनं तिकडचा फोन ताईच्या हातून हिसकावल्यासारखा आवाज आला.

"अगंबाई! आपली बस! यांची मिशी बघ गं, जशीच्या तशी!" ती हसत होती आणि मधेच नाक ओढत होती. "आणि ही तू. शेंबडी."

"आणि हा मी," तो म्हणाला.

"कोण?"

"हा. गाल फुगवलेला."

"वेडा आहेस का? तू कुठला तेव्हा!" आई खळखळून हसली. "हा तळमजल्यावरच्या शिंप्याचा मुलगा. पेंटर म्हणाला, तिघं बरी दिसत नाहीत, चौथं तोंड आणा. मग त्याला उचलून आणला. तुझा तर पत्ताही नव्हता अजून."

"पण मला वास आठवतो. रंगाचा."

"आठवणारच. जेवायला बसलं की तुझे बाबा तीच गोष्ट लावायचे. ऐकून ऐकून त्या पाटावरच्या मुंग्यांनाही पाठ झाली असेल."

तिकडे गाडीचा हॉर्न वाजला. "ठेवते रे," ताई म्हणाली. "पुढच्या सुट्टीत मात्र नक्की. तूसुद्धा!"

स्क्रीन काळी झाली. भिंतीवर शिंप्याचा मुलगा त्याच्याकडे बघून उत्साहानं हात हलवत होता. इतकी वर्षं दर रविवारी निघताना यानंही त्याला हात केला होता, आणि आपण आपल्यालाच भेटून आलो अशा समाधानात घर गाठलं होतं.

मुकादमानं पुढ्यात मूठभर शेंगा धरल्या. "साहेब, काही हरकत असेल तर आत्ताच लेखी द्या. उद्या आम्ही कुणाचं ऐकत नसतो."

त्यानं शेंगा घेतल्या नाहीत. खिशातून पेन काढलं, स्टुलावर कागद ठेवला आणि साहेबाला शोभेल अशा वळणदार अक्षरांत लिहिलं:

'मा. प्रभाग अधिकारी यांस, सदर बसमध्ये अर्जदाराच्या जागी दुसराच प्रवासी बसलेला आढळून आला आहे. तो लहान असल्याने त्यास उठवू नये. अर्जदार उभ्याने येण्यास तयार आहे. तरी तो आत चढेपर्यंत बस जागची हलवू नये, ही नम्र विनंती.'