टाकीवरचं लाइव्ह

“टाकीत काहीएक मेलेलं नाही, सगळ्यांसमोर पिऊनच दाखवतो!” आमचे हे गरजले. बिल्डिंगचे सेक्रेटरी ना! सकाळी कुणीतरी ग्रुपवर पाण्यात तरंगणाऱ्या फुगलेल्या उंदराचा व्हिडिओ टाकला होता, खाली लिहिलं होतं, ‘ही आपलीच टाकी’. तेव्हापासून माझ्या घशाखाली थेंब उतरला नव्हता; ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा तशीच पडली होती. त्याच पाण्याने भरलेली चूळ आठवून मी सारखी थुंकत होते. गच्चीवर ह्यांनी लाइव्ह सुरू करून मोबाईल माझ्या हाती दिला आणि झाकण उघडलं. पाणी काचेसारखं नितळ होतं. माझा जीव भांड्यात पडला. “बघा मंडळी!” म्हणत हे वाकून ओंजळीने घटाघटा प्यायले आणि ठसकले. तोंडातली पिवळट कवळी लाळेसकट टाकीत बुडाली. “अहो, शी!” मी किंचाळले. जिना उतरेपर्यंत माझ्या माहेरच्या ग्रुपवर बातमी पोचली: पिण्याच्या पाण्यात माणसाचे दात सापडले.