जिभेचा रिपोर्ट

कारखान्याच्या कँटीनमध्ये सासूबाईंनी चमचाभर चाखून मान हलवल्याशिवाय एकही पातेलं बाहेर जात नसे. त्याच सासूबाई अलीकडे घरी ताट सरकवून म्हणायच्या, "सूनबाई, तुझ्या हाताला चवच राहिली नाही." मग एक दिवस त्यांनी पास केलेली भाजी इतकी खारट निघाली की कामगारांनी ताटं तशीच परत पाठवली. त्या दिवसापासून त्या घरीच बसल्या. "चव माझीच गेली गं," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. जिभेला चव कळायला लागणारं झिंक कमतरतेच्या अगदी काठावर होतं. "नुसत्या आकड्यावरून खात्रीनं सांगता येत नाही," ते म्हणाले. "गोळ्या देऊन बघू. चव परतली, तर कारण तेच होतं असं समजायचं."

रोज देवापाशी दिवा लावून झाला की मी त्यांच्या हातावर गोळी ठेवायचे.

"तुझ्या देवाला म्हणावं, नवी जीभच पाठव."

"जुनीच दुरुस्त करून देतोय, आई."

काल जेवताना पहिल्याच घासाला त्या थांबल्या. "मीठ दोनदा घातलंस का? लक्ष कुठं असतं तुझं?"

मी घाईघाईनं भाजी चाखली. खरंच खारट होती. तशीच उठले आणि कँटीनच्या मालकांना फोन लावला.

"कशा आहेत बाई?" त्यांनी विचारलं.

"भाजी खारट केली म्हणून माझी खरडपट्टी काढतायत," मी ताठ मानेनं सांगितलं. "उद्यापासून कामावर येतील."