चनबसप्पाची काठी

“काका, जरा उगवतीकडं! अजून थोडं! बास, बास, आता हलू नका!”

रेडिओ दुरुस्त करणारा सोमलिंग टीव्हीच्या पेटीजवळून ओरडला, आणि पडद्यावरच्या मुंग्यांतून एक जादूगार वर आला. त्याच्या हातात कबूतर आहे की नारळ, यावरून अंगणात दोन तट पडले. गर्दी एवढी की पुढच्यांनी मागच्यांना चित्र सांगायचं, आणि त्यांच्याही मागे जे होते त्यांना ते अफवा म्हणून कळायचं.

पुण्याच्या पुढं टीव्ही दिसत नाही, बार्शीला दिसत नाही, तर सोलापूरला काय दिसणार, असं शहाणे सांगत होते. शहाण्यांनी चनबसप्पाची काठी पाहिली नव्हती. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस तो. ही त्याची सरावाची काठी. तिच्या शेंड्याला सोमलिंगानं अँटेना बांधला होता, आणि तो इतका उंच गेला होता की घारी त्याला वळसा घालून जात होत्या. काठी भिंतीला बांधली की नुसत्या मुंग्या. चनबसप्पानं कमरेच्या पट्ट्यात बुंधा रोवून ती उभी पेलली, की मुंबईतली माणसं सोलापुरात हजर.

अडचण एकच होती. काठी पेलणाऱ्यानं शेंड्यावरची नजर काढायची नसते. नजर खाली आली की काठी झुकते. हे चनबसप्पाला त्याच्या वडलांनी शिकवलं, त्यानं ते आपल्या पोराला, सिद्धारामला शिकवलं, आणि सिद्धारामनं काठी सोडून गिटार धरली. आज तोच टीव्हीवर येणार होता. टीव्ही बापाच्या अगदी पुढ्यात, स्टुलावर होता.

“आप्पा, मग तुमी बगणार न्हाय व्हय पोराला?” शेजारच्या बनाबाईनं विचारलं.

“मला काय बगायचंय त्यात?” चनबसप्पा आभाळाला म्हणाला. “तुमी बगा.”

“व्हय की! केसं कापल्याबिगर उंबरा चढू नको, म्हणलात तुमी. आता बगा, उंबरा सोडून आभाळातनं येतोय.”

अंगण हसलं. चनबसप्पा हसला नाही. यात्रेत घालायची पांढरी बाराबंदी त्यानं आज घातली होती. काठी पेलायला बरी पडते, असं सकाळी कुणी न विचारताच त्यानं सांगून टाकलं होतं.

जादूगार गेला. नकला करणारा आला, त्याला कुणी हसलं नाही. मग गजरा माळलेली एक बाई गोड आवाजात म्हणाली की आता सोलापूरच्या चार तरुणांचा बँड, ‘द शटल्स’. ‘सोलापूर’ ऐकल्यावर अंगणात अशा शिट्ट्या उठल्या की गिरणीच्या भोंग्यानं लाजावं.

एक जण ड्रम बडवत होता, दोघं गिटारी घेऊन झुलत होते, आणि सगळ्यांच्या पुढं सिद्धाराम. गाणं इंग्रजी होतं.

“ह्येला गाणं म्हणत्यात व्हय?” गिरणीतला साचेवाला मायाप्पा म्हणाला. “आमचा माग ह्याच्यापरीस बरा वाजतोय.”

“गप बस, मायाप्पा,” गुरम्मा म्हणाली. ती सिद्धारामची आई. सरकत सरकत ती पेटीला जाऊन टेकली आणि काचेवर तिनं तळवा ठेवला. “अय्यो, सिद्धू माझा!”

चनबसप्पाची हनुवटी खाली आली. फार नाही, बोटभर.

वर शेंडा हलला आणि सिद्धारामच्या जागी मुंग्या सांडल्या.

“गेला!” गुरम्मा किंचाळली. “अवो, गेला की हो पोरगा!”

चनबसप्पानं मान मागं टाकली. चित्र परत आलं. त्यानंतर त्याची हनुवटी हलली नाही.

थोड्या वेळानं त्यानं वर बघतच विचारलं, “काय करतोय?”

“गातोय,” गुरम्मा म्हणाली.

“ते ऐकू येतंय मला. दिसतोय कसा?”

“वाळलाय जरा. खायला घालतंय का न्हाय कोण, देव जाणे.”

“आन् केसं?”

गुरम्मानं पडद्याकडं पाहिलं. सिद्धारामचे केस खांद्याखाली उतरले होते. त्यानं मान झटकली की सगळं तोंड झाकून जाई, आणि मग पुन्हा तेच तोंड नव्यानं उजाडे. अंगण गुरम्माकडं बघत राहिलं.

“कापलीत,” ती म्हणाली. “बारीक. अगदी तुमच्यावानी.”

बनाबाईनं पदर तोंडाला लावला.

गिटार एकटीच वाजत होती. मग चनबसप्पा म्हणाला, “कशाला कापली?”

“आं?”

“कशाला कापली त्यानं? लई शोबत हुती त्याला.”

गुरम्मा उठली. काचेवरचा हात काढून ती त्याच्यापाशी आली. “अवो, ऐका की जरा…”

पण काठी झुकली. ऐन यात्रेत, गर्दीत, वावटळीत कधी झुकली नव्हती ती. पडदा मुंग्यांनी भरून गेला आणि अंगणात एकच ओरडा झाला.

“काका, शेंडा!” सोमलिंग पेटीवर थापा मारत ओरडत होता. “शेंड्याकडं बगा, काका, शेंड्याकडं!”

“बगतोय की रं,” चनबसप्पा म्हणाला. त्याची मान वरच होती. “दिसंना.”