दहा मोजेपर्यंत

"दार लावून घ्या की, मॅडम," शालनबाई म्हणाल्या.

"कडी बिघडलीय," योगिनी म्हणाली. कडी धडधाकट होती.

चिंचवडच्या त्या डायबेटिस क्लिनिकात इन्शुलिन कसं घ्यायचं हे शिकवायचं काम योगिनीचं. समोर रावेतच्या शालनबाई, त्यांचा मुलगा कुलदीप आणि कुलदीपची सात वर्षांची दीक्षा. पोरीला गेल्याच आठवड्यात डायबेटिस निघालेला. सून नुसती रडते म्हणून तिला घरी ठेवून शालनबाई स्वतः आल्या होत्या. योगिनीच्या तोंडावर मास्क. त्यांनी काही तिला ओळखलं नाही. कुलदीपनं ओळखलं होतं. तो आल्यापासून भिंतीवरचा आहाराचा तक्ता पाठ करत होता.

योगिनीनं टेबलावर तीन वस्तू मांडल्या, लग्नघरात दागिने मांडावेत तशा.

"ही सिरिंज. बाटलीतून मोजून ओढायचं, नजर आणि हात दोन्ही पक्के हवेत. हे पेन. आकडा फिरवायचा, दाबायचं. सुई तांदळाच्या दाण्याहून आखूड. दोन्हीत दिवसाला चार वेळा टोचणं आलं. आणि हा पंप. थेंब थेंब सोडत राहतो, टोचणं तीन दिवसांतून एकदा. पण कायम अंगावर बाळगायचा, आणि काय खाल्लं ते त्याला खरंखरं सांगायचं."

"यातलं कुनाला दिसनार न्हाई असं कंचं?" शालनबाई कुजबुजल्या. "पोरीची जात हाय. उद्या बघायला येनाऱ्यांच्या कानावर गेलं, तर कोन करंल तिला?"

योगिनीचा हात पेनाकडे निघाला होता. तो वाटेत थांबला आणि सिरिंजकडे वळला.

"आमचा एक नियम आहे. लेकराला टोचण्याआधी घरातल्या मोठ्या माणसानं स्वतःला टोचून बघायचं. नुसतं मिठाचं पाणी आहे यात. पोटावर घ्या. दहा मोजेपर्यंत काढायची नाही."

नियम खरा होता. फक्त आजवर प्रत्येक आईबापाच्या हातात तिनं पेन दिलं होतं.

शालनबाईंनी सुईकडे पाहिलं आणि पदरानं कपाळ टिपलं.

"आजी, मुंगी चावल्यासारखं होतं फक्त," दीक्षानं धीर दिला.

"मी घेतो ना टोचून," कुलदीप उठला.

"तुम्ही बसा. तेव्हाही बसूनच होतात." योगिनीनं मास्क काढला.

शालनबाई बघतच राहिल्या. "तू... चिखलीच्या यशवंतरावांची लेक."

"व्हय. पोह्यांच्या आधी तुमच्यासमोर सुई घेतली होती, तीच. बशी तशीच ठेवून उठलात. जिन्यात म्हणालात, 'असली टोचून घेनारी सून काय पुजायचीय?' पंप बसवेपर्यंत नऊ हजार वेळा टोचलं मी. मोजलंय. तुम्ही एकदाच टोचा."

"माझ्यावरचा राग पोरीवर काढू नगं, बाई."

"पोरीवर? तिला मी जन्मभर शिकवीन. टोचा."

दीक्षाचं लक्ष मात्र योगिनीच्या कमरेकडे होतं. कुर्त्यावर, सगळ्यांना दिसेल असा, पंप अडकवलेला होता.

"पप्पा, मला हाच पायजे. असाच वरून."

कुलदीप तक्त्याकडेच बघत होता.

शालनबाईंनी डोळे गच्च मिटले आणि सुई खुपसली. दीक्षा मोजू लागली. सहावर सुई बाहेर आली.

"आजी, सहालाच काढलीस!"

योगिनीनं कोरी सिरिंज भरून पुढे धरली. "पुन्हा."

आणि दीक्षानं पुन्हा एकपासून मोजायला घेतलं, उघड्या दारातून बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात.