शेवटची तीन मिनिटं

लग्नाला निघताना श्रीधरराव बायकोच्या गळ्यात हार अडकवत होते. त्यांची बोटं मानेला लागताच कुमुदताई थरथरल्या आणि म्हणाल्या, "ईशान, सोड मला."

ईशान हा सिनेमातला लाडका नट. त्याने बायकोचा गळा दाबून खून केला होता. खटल्यात तिच्या मेंदूतून काढलेली शेवटच्या तीन मिनिटांची आठवण कोर्टाने सर्वांना खुली केली आणि लाखोंनी कुतूहलापोटी ती आपल्या डोक्यात भरून घेतली. ईशानला जन्मठेप झाली. आठवण मात्र कुणाच्याच डोक्यातून काढता आली नाही.

"चुकून बोलले हो," कुमुदताई म्हणाल्या.

"ती आठवण मीही घेतली होती," श्रीधरराव हळूच म्हणाले. "शेवटपर्यंत तिला वाटत होतं, हा आता थांबेल."

कुमुदताई गळ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मला अजूनही तसंच वाटत असतं."